बिंदू ठेवायचा ऑनलाइन गृहपाठ कसा तयार करावा

नववीच्या निर्देशक भूमितीत विद्यार्थी आलेख कागदावर बिंदू स्थापन करायला शिकतो. दोन अक्ष काढतो, आरंभबिंदू ठरवतो, उजवीकडे तीन घरं मोजतो, खाली दोन घरं मोजतो, ठिपका देतो आणि शेजारी अ (३, −२) असं लिहितो. काम छोटं दिसतं, पण त्यात बरेच निर्णय दडलेले असतात. जोडीतला कोणता अंक आधी घ्यायचा, तो कोणत्या अक्षावर मोजायचा, ऋण चिन्ह असेल तर कोणत्या दिशेला जायचं, मोजणी कुठून सुरू करायची, एक घर म्हणजे किती एकक. यांतला एकही निर्णय चुकला तर बिंदू भलतीकडे पडतो. तो कुठे पडला यावरून कोणता निर्णय चुकला, हे अनुभवी शिक्षकांना वहीवर नजर टाकताच कळतं.

हाच गृहपाठ संगणकावर द्यायची वेळ आली की बहुतेक वेळा त्याचा बहुपर्यायी प्रश्न होतो. आकृतीत चार बिंदू दिलेले असतात आणि त्यांतला (३, −२) कोणता ते निवडायचं असतं. ते चारही वेगवेगळ्या चरणांत असतील तर विद्यार्थी फक्त चरण ओळखतो आणि उत्तर देतो. मोजण्याची त्याला गरजच पडत नाही. म्हणून प्रश्न असा हवा की पडद्यावर कोरा आलेख असेल आणि बिंदू विद्यार्थ्याने स्वतः ठेवायचा असेल. असा प्रश्न कसा तयार होतो आणि चांगला कशामुळे ठरतो, हे या लेखात टप्प्याटप्प्याने पाहू.

हाताशी असलेली साधनं

पडद्यावर आलेख काढणं आज अवघड राहिलेलं नाही. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ च्या सुमारास सुरू केलेलं जिओजेब्रा आपल्याकडच्या अनेक शिक्षकांना माहीत आहे. वर्गात दाखवायला ते उत्तम आहे. गृहपाठासाठी मात्र आणखी दोन गोष्टी लागतात. प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळ्या संख्या मिळायला हव्यात, आणि त्याचं उत्तर तपासून गुण नोंदले जायला हवेत.

हे काम करणाऱ्या मोफत, मुक्तस्रोत प्रणाली आहेत. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात १९९० च्या दशकात आर्नल्ड पायझर आणि मायकल गेज यांनी वेबवर्क सुरू केलं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात २००४ साली ख्रिस सँग्विन यांनी स्टॅक सुरू केलं. स्टॅक हे मूडल या ऑनलाइन शिक्षण प्रणालीत जोडता येतं आणि उत्तराचं गणित तपासायला मॅक्सिमा ही बीजगणित प्रणाली वापरतं. आकृतीसाठी या दोन्ही ठिकाणी जर्मनीतल्या बायरॉइट विद्यापीठात तयार झालेलं जेएसएक्सग्राफ हे जावास्क्रिप्टचं भांडार वापरता येतं. पुढचं विवेचन मुख्यतः स्टॅक आणि जेएसएक्सग्राफ यांच्या जोडीला धरून आहे. त्यातली तत्त्वं इतर साधनांनाही तशीच लागू पडतात.

पडद्यावरचं घर आणि गणितातलं घर

विद्यार्थी बिंदू खेचून सोडतो तेव्हा ब्राउझरला कळतो तो फक्त पिक्सेलचा पत्ता. हा पत्ता मोजण्याची ब्राउझरची रीत आपल्या आलेखाच्या रीतीहून वेगळी आहे. त्याचा आरंभबिंदू चित्राच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि खाली जाताना संख्या वाढत जाते. आपला य-अक्ष वर वाढतो. तेव्हा पहिलं काम म्हणजे एका मोजणीतून दुसरीत जाणं.

समजा, आलेखाची चौकट ४८० पिक्सेल लांब आणि तितकीच उंच आहे आणि दोन्ही अक्षांवर −६ ते ६ अंक आहेत. म्हणजे १२ एककांना ४८० पिक्सेल, एका एककाला ४०. आरंभबिंदू चौकटीच्या मधोमध, डावीकडून २४० आणि वरून २४० पिक्सेलवर येतो. (३, −२) हा बिंदू काढायचा तर डावीकडून २४० + ३ × ४० = ३६० आणि वरून २४० − (−२) × ४० = ३२० पिक्सेलवर ठिपका द्यायचा. दुसऱ्या सूत्रातलं वजाचं चिन्ह महत्त्वाचं आहे. तेच य-अक्ष सरळ करतं.

उलट दिशेनेही हेच गणित करावं लागतं. विद्यार्थ्याने बिंदू डावीकडून ३६७ आणि वरून ३१३ पिक्सेलवर सोडला, तर क्ष-निर्देशक (३६७ − २४०) ÷ ४० = ३.१७५ आणि य-निर्देशक (२४० − ३१३) ÷ ४० = −१.८२५ येतो. जेएसएक्सग्राफ हे सगळं स्वतः करतं. आपण त्याला फक्त चौकटीच्या चार सीमा सांगायच्या असतात, त्याही डावी, वरची, उजवी, खालची या क्रमाने. हा क्रम चुकला की आलेख उलटा किंवा विचित्र दिसतो, म्हणून सुरुवातीलाच तो तपासून घ्यावा.

बिंदू घरावर बसवायचा की मोकळा ठेवायचा?

वरच्या उदाहरणातल्या विद्यार्थ्याच्या मनात (३, −२) होतं, पण संगणकाकडे पोहोचलं (३.१७५, −१.८२५). यावर दोन उपाय आहेत.

पहिला उपाय असा की बिंदू सोडताच तो जवळच्या छेदबिंदूवर आपोआप बसावा. जेएसएक्सग्राफमध्ये ही सोय एका गुणधर्माने चालू होते आणि पायरी एक एककाची ठेवायची की अर्ध्याची, हेही ठरवता येतं. उत्तरं पूर्णांकांत असतील तेव्हा हाच मार्ग योग्य. विद्यार्थ्याला हाताच्या थरथरीची शिक्षा होत नाही आणि तपासणीही सोपी राहते.

दुसरा उपाय म्हणजे बिंदू मोकळा ठेवायचा आणि तपासताना थोडी सवलत द्यायची. अपेक्षित जागेपासून ०.२ एककाच्या आत बिंदू असेल तर तो बरोबर धरायचा. आपल्या चौकटीत ०.२ एकक म्हणजे ८ पिक्सेल. माउसने हे सहज साधतं, बोटाने जरा कठीण जातं. जिथे अंदाज घ्यायलाच शिकवायचं आहे, उदाहरणार्थ (१.५, −२.७५) हा बिंदू, किंवा एक घर ५ एककांचं आहे अशा प्रमाणावरचा बिंदू, तिथे ही रीत उपयोगी पडते. कारण बिंदू घरावर आपोआप बसू लागला की उत्तर छेदबिंदूवरच असणार, हे विद्यार्थ्याला आधीच कळतं.

मोकळा ठेवला काय किंवा घरावर बसवला काय, संगणकाच्या लेखी निर्देशक दशांश संख्या म्हणूनच साठतात. ३ च्या जागी ३.०००००००१ आलं आणि आपण काटेकोर समानता तपासली, तर बरोबर उत्तर चूक ठरेल. म्हणून पूर्णांकांच्या प्रश्नातही फरक ०.१ पेक्षा कमी आहे का, एवढंच तपासावं.

काय दाखवायचं आणि काय झाकायचं

असा प्रश्न बहुतेक वेळा इथेच फसतो. जेएसएक्सग्राफमध्ये बिंदू खेचताना त्याच्याजवळ त्याचे निर्देशक दाखवणारी छोटी चौकट आपोआप उमटते. दाखवायच्या आकृतीत ही सोय चांगली आहे, गृहपाठात ती घातक ठरते. विद्यार्थी बिंदू इकडे तिकडे सरकवत राहतो आणि चौकटीत (३, −२) दिसलं की सोडून देतो. त्याने अक्ष पाहिला नाही, घरं मोजली नाहीत, चिन्हाचा विचार केला नाही. तरी गुण पूर्ण मिळतात. म्हणून ही माहितीची चौकट बंद करणं हे प्रश्न तयार करतानाचं अगदी पहिलं काम मानावं. बिंदूजवळ फक्त त्याचं नाव असावं.

अक्षांवरचे अंक किती दाखवायचे, हाही अध्यापनाचा निर्णय आहे. सुरुवातीच्या सरावात सगळे अंक असावेत. पुढे फक्त ५ आणि −५ दाखवावेत, म्हणजे मधली घरं मोजावी लागतात. त्यानंतर प्रमाण बदलावं. एकाच आकृतीतून अशी चढती भांजणी तयार करता येते.

बिंदू सुरुवातीला कुठे असावा, हेही विचारपूर्वक ठरवावं. आरंभबिंदूवर ठेवला तर मोजणी तिथूनच सुरू होते, म्हणजे नकळत मदत होते. नवशिक्यांसाठी हे चालेल. सरावलेल्यांसाठी तो एका कोपऱ्यात ठेवावा. कुठेही ठेवला तरी दोन अटी पाळाव्यात. सुरुवातीची जागा कधीच बरोबर उत्तराची नसावी आणि न हललेला बिंदू म्हणजे न दिलेलं उत्तर असं धरलं जावं.

आकृती आणि उत्तरपेटी यांची गाठ

आकृती दिसते ती ब्राउझरमध्ये. गुण ठरतात ते दूरच्या सर्व्हरवर. या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे एक साधी उत्तरपेटी, एरवी विद्यार्थी जिथे उत्तर टंकतो तशीच. स्टॅकमध्ये आकृतीला या पेटीचं नाव सांगायचं आणि बिंदू तिच्याशी बांधायचा. मग बिंदू हलला की त्याचे निर्देशक पेटीत यादीच्या रूपात लिहिले जातात. पेटी पानावर झाकून ठेवता येते.

ही गाठ दोन्ही बाजूंनी काम करते. विद्यार्थ्याने अर्धा गृहपाठ सोडवून पान बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी उघडलं, तर साठवलेल्या निर्देशकांवरून बिंदू होता तिथेच दिसतो. आकृती स्वतः रचून ही परतीची वाट विसरली गेली, तर पान पुन्हा उघडताना बिंदू मूळ जागी उडी मारतो आणि केलेलं काम गेलं असं विद्यार्थ्याला वाटतं. तेव्हा उत्तर पाठवणं, पान बंद करणं आणि पुन्हा उघडणं ही चाचणी प्रत्येक नव्या प्रश्नावर करावी.

संख्या निवडताना

प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळा बिंदू देण्यासाठी संख्या यादृच्छिक निवडल्या जातात. पण निवड सरसकट केली तर प्रश्न बिघडतो. (४, ४) आला तर निर्देशकांची अदलाबदल करणाऱ्या विद्यार्थ्याचंही उत्तर बरोबर येतं. (३, −३) आला आणि बिंदू (−३, ३) वर पडला, तर अदलाबदल झाली की दोन्ही चिन्हं चुकली, हे सांगता येत नाही. (०, ५) हा अक्षावरचा बिंदू महत्त्वाचा आहे, पण तिथल्या चुका वेगळ्या असतात. त्यासाठी स्वतंत्र प्रश्नच करावा.

म्हणून नियम असा ठेवावा: −५ ते ५ मधल्या शून्येतर संख्यांतून पहिला निर्देशक निवडायचा. दुसरा त्याच संख्यांतून निवडायचा, पण पहिल्याची संख्या आणि तिची विरुद्ध संख्या वगळून. पहिल्यासाठी १० पर्याय, दुसऱ्यासाठी ८, म्हणजे एकूण ८० बिंदू. एका वर्गाला ते पुरेसे आहेत. स्टॅकमध्ये ठरावीक संख्या टाळून निवड करण्याची सोय तयारच मिळते. शिवाय शिक्षकांना पर्याय आधी पाहून त्यांतले पसंतीचे तेवढेच चालू करता येतात. त्यामुळे अनपेक्षित संख्या कुणाच्या वाट्याला येत नाही.

आठ बिंदू, आठ निदानं

या निवडीचा खरा लाभ तपासणीत दिसतो. (३, −२) साठी दोन निर्देशकांची अदलाबदल आणि चिन्हांचे बदल मिळून एकंदर आठ बिंदू होतात आणि वरच्या नियमामुळे आठही वेगळे असतात. (३, −२) बरोबर. (−२, ३) म्हणजे निर्देशकांची अदलाबदल. (३, २) म्हणजे य-निर्देशकाचं चिन्ह सुटलं. (−३, −२) म्हणजे क्ष-निर्देशकाची दिशा चुकली. (−३, २) म्हणजे दोन्ही दिशा उलट. उरलेले तीन, (२, ३), (−२, −३) आणि (२, −३), यांत अदलाबदलही आहे आणि चिन्हाची चूकही. याखेरीज एक नेहमीची चूक म्हणजे आरंभबिंदूपासूनच ‘एक’ मोजायला सुरुवात करणं. मग बिंदू (२, −१) वर पडतो. तो या आठांत येत नाही, त्यामुळे वेगळा ओळखता येतो.

स्टॅकमध्ये ही तपासणी निर्णयवृक्षाच्या रूपात लिहितात. प्रत्येक गाठीवर एक प्रश्न असतो आणि हो किंवा नाही यावरून पुढची फांदी ठरते. बिंदू बरोबर आहे का? नसेल तर अदलाबदल झाली आहे का? तीही नसेल तर फक्त चिन्ह चुकलं आहे का? प्रत्येक फांदीच्या टोकाशी गुण आणि विद्यार्थ्याला द्यायचा अभिप्राय असतो.

या अभिप्रायाच्या शब्दांवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ एवढ्याने विद्यार्थ्याला काहीच हाती लागत नाही. बरोबर जागा दाखवून टाकली तर विचार करायला काही उरत नाही. अदलाबदलीसाठी असं लिहिता येईल: ‘तुमचा बिंदू दुसऱ्या चरणात आहे. जोडीतला पहिला अंक कोणत्या अक्षावर मोजायचा असतो ते पाहा आणि बिंदू पुन्हा ठेवा.’ चिन्हाच्या चुकीसाठी: ‘क्ष-निर्देशक बरोबर मोजला आहे. य-निर्देशक ऋण आहे, तर क्ष-अक्षापासून कोणत्या दिशेला जायला हवं?’ मोजणीच्या चुकीसाठी: ‘दिशा बरोबर आहे. आरंभबिंदूवर मोजणी शून्य असते. तिथून पहिलं घर ओलांडल्यावर एक होतो.’ या प्रत्येक अभिप्रायात विद्यार्थ्याचं काय बरोबर आलं तेही आहे आणि पुढचा विचार कुठे करायचा तेही आहे. या आठांपैकी कोणत्याच बिंदूशी किंवा मोजणीच्या चुकीच्या बिंदूशी उत्तर जुळलं नाही, तर चुकीचा अंदाज बांधू नये. अशा वेळी पायऱ्या थोडक्यात सांगाव्यात आणि पुन्हा संधी द्यावी.

एका बिंदूकडून रेषेकडे

दहावीच्या बीजगणितात दोन चलांतल्या रेषीय समीकरणांची उकल आलेखाने काढायची असते. इथे तपासणीची रीत बदलते. क्ष + य = ५ ही रेषा काढायला सांगून विद्यार्थ्याला प आणि फ असे दोन बिंदू दिले आणि त्यांतून जाणारी रेषा आपोआप काढली, तर बरोबर उत्तर एकच नसतं. कुणी (०, ५) आणि (५, ०) घेईल, कुणी (१, ४) आणि (३, २). म्हणून ठरावीक बिंदूंशी तुलना करायची नाही. प्रत्येक बिंदू समीकरणाचं समाधान करतो का, आणि दोन्ही बिंदू वेगळे आहेत का, हे दोनच प्रश्न विचारायचे. दुसरा प्रश्न विसरला तर एकाच जागी ठेवलेले दोन बिंदूही बरोबर ठरतील, आणि अशा दोन बिंदूंतून रेषाच निश्चित होत नाही.

याच आलेखावर २क्ष − य = ४ ही दुसरी रेषा काढायला लावता येते आणि छेदबिंदू (३, २) वेगळा विचारता येतो. प्रत्येक रेषेला आणि छेदबिंदूला स्वतंत्र गुण द्यावेत, म्हणजे एका रेषेतल्या चुकीने सगळं उत्तर वाया जात नाही. बिंदू घरावर बसणारे असतील तर चौकटीत रेषेवरचे पुरेसे पूर्णांक बिंदू आहेत का हे आधी मोजावं. −६ ते ६ च्या चौकटीत पहिल्या रेषेवर असे आठ आणि दुसरीवर सात बिंदू आहेत, म्हणून ही जोडी चालते. ३क्ष + ७य = २ सारख्या रेषेवर ते इतके थोडे असतात की बरोबर बिंदू शोधण्यातच विद्यार्थी अडकून पडेल.

हाच विचार पुढे नेला की अन्वस्त, वर्तुळ आणि असमानता यांचे प्रश्नही करता येतात. वेबवर्कच्या आलेख-साधनात विद्यार्थी सलग किंवा तुटक रेषा निवडून एका बाजूचा प्रदेश रंगवू शकतो. असमानतेसाठी नेमकं हेच लागतं.

बोट, कळफलक आणि देवनागरी अंक

बरेच विद्यार्थी गृहपाठ मोबाइलवर सोडवतात. तिथे बिंदू बोटाखाली झाकला जातो, म्हणून तो मोठा काढावा. संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या मार्गदर्शक नियमांत स्पर्श करायच्या जागेची किमान मर्यादा, काही अपवाद सोडून, २४ × २४ पिक्सेल सांगितली आहे. खेचून करायचं काम खेचल्याशिवायही करता यावं, हेही त्यात आहे. नुसत्या टिचकीने बिंदू ठेवता येणं हा त्यावरचा सोपा मार्ग. कळफलक वापरणाऱ्यांना टॅब दाबून बिंदूवर जाता यावं आणि बाणांच्या कळांनी तो हलवता यावा. दृष्टिहीन विद्यार्थ्याला आकृतीचा उपयोग नसतो. त्याच्यासाठी तीच संकल्पना तपासणारा शब्दांतला प्रश्न असावा: आरंभबिंदूपासून तीन एकक उजवीकडे आणि दोन एकक खाली असलेल्या बिंदूचे निर्देशक लिहा.

अक्षांवरचे अंक मुलांच्या पाठ्यपुस्तकात जसे असतील तसेच ठेवावेत. देवनागरी हवे असतील तर ते दाखवणं सोपं आहे. विद्यार्थ्याने टंकलेले देवनागरी अंक वाचणं मात्र तसं नाही. जावास्क्रिप्ट ‘३’ ला संख्या मानत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी ० चा क्रमांक २४०६ आहे आणि पुढचे अंक ओळीने येतात. तेव्हा प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की त्याची किंमत मिळते. वजाचं खरं चिन्ह आणि कळफलकावरची आडवी रेघ या युनिकोडमध्ये दोन वेगळ्या खुणा आहेत, म्हणून दोन्ही स्वीकाराव्यात. एवढी काळजी घेतली की मराठीत लिहिलेलं बरोबर उत्तर केवळ लिपीमुळे नाकारलं जात नाही.

वर्गात नेण्यापूर्वी आणि नेल्यानंतर

प्रश्न तयार झाला की तो स्वतः सोडवून पाहावा, आणि चुकीचाही सोडवावा. आठही बिंदू एकेक करून ठेवावेत आणि प्रत्येक वेळी योग्य अभिप्राय येतो का ते पाहावं. स्टॅकमध्ये अशा चाचण्या प्रश्नाबरोबर लिहून ठेवता येतात. पुढे काही बदललं तर त्या पुन्हा चालवता येतात. मग एकदा मोबाइलवर, एकदा फक्त कळफलकाने आणि एकदा पान बंद करून पुन्हा उघडून प्रश्न तपासावा.

गृहपाठ झाल्यावर निर्णयवृक्षाची कोणती फांदी किती जणांनी गाठली, याची नोंद शिक्षकांना मिळते. निम्म्या वर्गाने अदलाबदल केली असेल तर दुसऱ्या दिवशीच्या तासाला क्रमित जोडीवर पुन्हा बोलायला हवं. ती चूक दोघा-तिघांचीच असेल तर त्यांना बाजूला बसवून दहा मिनिटं देता येतात. ज्या चुकीला आपण फांदीच ठेवली नव्हती अशी चूक बऱ्याच जणांकडून झाली असेल, तर पुढच्या वर्षीच्या प्रश्नात ती फांदी घालावी. विद्यार्थी कुठे आणि का चुकतात, हे ज्या शिक्षकांना माहीत आहे तेच हा प्रश्न सर्वांत चांगला लिहू शकतात. जेएसएक्सग्राफची वाक्यरचना आठवडाभरात शिकता येते. चुकांची ही जाण वर्षानुवर्षं वह्या तपासून येते आणि मराठी माध्यमाच्या शाळांतल्या शिक्षकांकडे ती आधीपासूनच आहे. म्हणून आपल्या मुलांसाठीचे प्रश्न दुसऱ्या कुणी तयार करून देण्याची वाट न पाहता, एका बिंदूच्या एका प्रश्नाने त्यांनी स्वतः सुरुवात करावी.